डग्ग्याचा घुमारा

रविवार, रात्री ११

दुसऱ्या वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, गोंद आज पूर्ण सुकला आणि काकांचे दोन्ही स्पीकर कित्येक वर्षांनी एकत्र वाजले. ते अकूस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीचे एआर-२एएक्स आहेत. काकांनी बॉस्टनला नोकरीत असताना ते घेतले आणि १९७६ साली परतताना बरोबर आणले, पण पुढे दापोलीच्या घरी माळ्यावरच त्यांचा मुक्काम पडला. पेट्यांचे लाकूड टिकले, मात्र वूफरच्या कागदी कोनाभोवतीची फोमची कड बोट लावताच काळ्या, चिकट भुकटीसारखी गळून पडली. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. स्पीकर वाजवा किंवा बंद ठेवा, कोकणातल्या पावसाळ्यांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

या स्पीकरमध्ये त्या कडेवर फार काही अवलंबून असते. त्या कंपनीचे एक संस्थापक एडगर विल्चर यांनी १९५४ साली हवाबंद पेटीतल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग केले, आणि ज्या खर्जासाठी तोवर कपाटाएवढी पेटी लागत असे तो फळीवर मावणाऱ्या पेटीतून ऐकू येऊ लागला. साहजिकच कड फाटली की हवा निसटते आणि तिच्यामागोमाग खर्जही जातो.

पहिल्या वूफरच्या वेळी मी घाई केली. नवी कड केवळ नजरेच्या अंदाजाने चिकटवली, कोन केसभर सरकला आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारे तारेचे वेटोळे, चुंबकाच्या फटीत घासून प्रत्येक खालच्या स्वरावर खरखर ऐकू येऊ लागली. सगळे सोडवून पुन्हा आरंभ करावा लागला. या खेपेस कोनाच्या मधली टोपी ब्लेडने अलगद कापली, जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार अरुंद पट्ट्या कॉइलच्या आत चारी बाजूंनी सरकवल्या, कड आधी कोनाला चिकटवली, एक दिवस जाऊ दिला आणि मगच ती चौकटीला लावली. पट्ट्या काढल्यावर कोन बोटांनी वरखाली केला, तेव्हा कसलाही आवाज आला नाही. त्या शांततेने मला जो आनंद दिला, तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

पेटीमागच्या, स्वरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या दोन्ही नियंत्रकांवर हिरवा गंज चढला होता, तो बारीक पॉलिश पेपरने काढला. कपॅसिटर मोजून पाहिले आणि मूळच्याच मूल्याचे नवे डाख देऊन बसवले. उंच स्वर वाजवणारे ट्वीटर बदलून आधुनिक बसवावेत असे अनेक जाणकार सुचवतात, पण ते मला मुळीच पटत नाही, कारण मग पेटी काकांची राहील आणि आवाज दुसऱ्या कोणाचा होईल. जे कुजले तेवढेच बदलायचे, हे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते.

वूफर पेटीत बसवून कोन हलकेच दाबून सोडला, तर तो सावकाश, जणू श्वास घेत वर आला. म्हणजे पेटी हवाबंद आहे. मग मल्लिकार्जुन मन्सूर यांची एलपी लावली. तानपुऱ्याची जवारी उघडली, आणि तबलजीने डग्ग्यावर तळहात सरकवताच तो घुमारा खोलीच्या फरशीतून पायांना जाणवला. काकू आतल्या खोलीतून येऊन दारात उभ्या राहिल्या आणि बाजू संपेपर्यंत तेथून हलल्या नाहीत.

उजवीकडचा ट्वीटर अजून किंचित मंद वाटतो. त्याचा नियंत्रक पुढच्या रविवारी पुन्हा उघडून पाहायचा आहे, आणि तोवर पुढचे कापड लावायचे नाही.