अकरा पुड्या

1996 च्या पावसाळ्यात माझ्या एका शाळासोबत्याला पोलिसांनी पुण्यात पकडले, तेव्हा त्याच्या खिशात ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्द नावाने विकल्या जाणाऱ्या भेसळीच्या हेरॉइनच्या, अकरा पुड्या होत्या. पंचनाम्यात मुद्देमालाचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास नोंदवले गेले. त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने घरातली तांब्याची भांडी, आईच्या कुड्या आणि एकदा माझे मनगटी घड्याळही गर्दपायी विकले होते. त्यामुळे तो गर्दुल्ला आहे हे सगळ्या आळीला ठाऊक होते. तो गर्द विकत असेल असे मात्र कोणाच्या स्वप्नातही आले नसते, कारण विकण्यापुरता माल त्याच्याजवळ उरतच नसे.

कायद्याला हा फरक कळत नव्हता. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम असे लांबलचक नाव असलेला, पण पोलीस, वकील आणि आरोपी सगळेच ज्याला एनडीपीएस म्हणतात, तो कायदा 1985 मध्ये आला. हेरॉइनची ‘अल्प मात्रा’ तेव्हा 250 मिलिग्रॅम ठरवली होती. एवढा माल जवळ असला आणि तो स्वतःच्या सेवनासाठीच होता हे आरोपीने सिद्ध केले, तरच सौम्य शिक्षा मिळे. त्याच्या वर गेलात की किमान दहा वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड. ट्रकभर माल नेणारा आणि अकरा पुड्या बाळगणारा, दोघांचाही हिशोब त्याच दहा वर्षांपासून सुरू होत असे.

जामिनाची वाट कलम 37 ने जवळजवळ बंद केलेली होती. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींबद्दल न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. आणि ज्याचे रोजचे जगणेच पुडीवर चाललेले आहे, त्याच्याबद्दल दुसरी खात्री कोणता न्यायाधीश देईल? वर्षानुवर्षे रखडणाऱ्या या खटल्यांतील कच्च्या कैद्यांची स्थिती पाहून सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये दिलासा दिला. तो असा, की किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा आरोप असलेल्याने पाच वर्षे तुरुंगात काढली असतील, तर एक लाख रुपयांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचे दोन जामीनदार दिल्यावर त्याला सोडावे. मित्राचे वडील एका छापखान्यात कंपोझिटर होते. एक लाख हा आकडा त्यांनी बहुधा खिळे जुळवतानाच पाहिला असेल.

त्याच्या आईला मी अनेकदा माझ्या लूनावरून येरवड्याला मुलाकातीसाठी नेले. जाळीपलीकडे पंधरावीस कैदी आणि अलीकडे तेवढीच माणसे एकाच वेळी ओरडून बोलत असल्यामुळे ‘मनिऑर्डर मिळाली का’ एवढेच काय ते पोहोचत असे. पहिले आठ दिवस त्याला टर्की लागली होती, म्हणजे गर्द अचानक तुटल्यावर होणारा त्रास, हे त्याने पुढे सांगितले: नाक-डोळे वाहत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते, उलट्या-जुलाब थांबत नव्हते आणि बराकीत पाय लांब करण्याएवढीही जागा नव्हती. शेजारच्या कैद्याने आपली चादर त्याच्या अंगावर घातली. त्याच्या वाट्याला आलेला औषधोपचार म्हणजे तेवढाच.

त्याच येरवड्यात, मनोरुग्णालयाच्या आवारात, 29 ऑगस्ट 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालू होते. अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांवर केलेले लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभे केले. कायदा आणि केंद्र यांच्या वयात एका वर्षाचेही अंतर नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारी तरतूद कायद्यातही होती, पण ती अल्प मात्रेपुरती. दोन ग्रॅमवाल्याला तिचा काही उपयोग नव्हता.

2001 च्या दुरुस्तीने मात्रेनुसार शिक्षेची प्रतवारी केली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आता हेरॉइनची अल्प मात्रा 5 ग्रॅम आणि व्यापारी मात्रा 250 ग्रॅम आहे. आज माझा मित्र सापडला असता, तर फार तर एका वर्षाच्या शिक्षेच्या कक्षेत आला असता. पण 2009 च्या अधिसूचनेने वजन शुद्ध द्रव्याचे नव्हे, तर भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे धरायचे ठरवले आणि एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. रस्त्यावरच्या ब्राउन शुगरमध्ये बरीचशी भेसळच असते. म्हणजे सर्वांत निकृष्ट माल घेणारा गरीब व्यसनी भेसळीच्या वजनाचीही शिक्षा भोगतो.

अमेरिकेत याच चुकीचे मोठे रूप दिसले. 1986 च्या तिथल्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच ओढण्याचा प्रकार) आणि 500 ग्रॅम कोकेन पावडरीला सारखीच, किमान पाच वर्षांची, शिक्षा होती, आणि क्रॅकच्या खटल्यांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय भरडले गेले. 2010 मध्ये हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आले. लाख लोकसंख्येमागे तिथे पाचशेहून अधिक माणसे कोठडीत असतात, आपल्याकडे चाळीसच्या आसपास. यावरून आपली पाठ थोपटून घेणाऱ्यांनी 2022 ची सरकारी आकडेवारी पाहावी: देशातले सुमारे 76 टक्के कैदी कच्चे होते आणि तुरुंग क्षमतेच्या 131 टक्के भरलेले होते. आपला दोष वेगळा आहे. आपण निकालाआधीच शिक्षा भोगायला लावतो.

मित्राच्या खटल्यात मुद्देमालाचे पाकीट उघडले, त्या दिवशी मी न्यायालयात होतो. खाकी लिफाफ्यावर लाखेची सीले आणि पंचांच्या सह्या होत्या. आतली पूड ओल लागून गुठळी झाली होती आणि दिसायला चहाच्या कपात तळाशी राहिलेल्या साखरेसारखी होती. एवढ्याशा ढेकळासाठी चार वर्षे गेली होती. तो 2000 मध्ये निर्दोष सुटला तो अंगझडतीच्या मुद्द्यावर: राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा त्याचा हक्क, कलम 50 प्रमाणे, त्याला सांगितलाच गेला नव्हता.

सुटल्यानंतर तिसऱ्या महिन्यात त्याने पुन्हा पुडी घेतली. त्यानंतर मुक्तांगणात दाखल झाला, घसरला, पुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्या खेपेला टिकला. आता रिक्षा चालवतो. बॅजसाठी चारित्र्य पडताळणी झाली तेव्हा जुना गुन्हा निघाला, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत काढून त्याने ती लॅमिनेट करून घेतली. मागच्या दिवाळीत मी ती पहिल्यांदा सगळी वाचली. झडती कशी घेतली, सील कोणी लावले, पंच कुठे उभे होते, हे सारे तिच्यात सविस्तर आहे. आरोपीला व्यसन होते, असे एकही वाक्य तिच्यात मला सापडले नाही.