काचेच्या तंतूने डीएनए ओळखला, असे कधी म्हणावे?

इंटरनेटसाठी घरापर्यंत येतो तोच प्रकाशतंतू इथे परदेशातल्या प्रयोगशाळेत मी डीएनए ओळखण्यासाठी वापरतो, हे घरच्यांना फोनवर सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, की काचेला डीएनए कसा कळणार? प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, कारण काचेला डीएनए कळत नाहीच. तिच्या पृष्ठभागावर काहीतरी येऊन बसले, एवढेच तिच्यातून जाणारा प्रकाश सांगतो. ते काहीतरी म्हणजे आपल्याला हवा असलेला डीएनएच आहे, हे सिद्ध करण्यात माझी इथली दोन वर्षे गेली आहेत.

तंतूच्या मधोमध सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा गाभा असतो आणि त्याभोवतीचे काचेचे आवरण धरून एकूण जाडी १२५ मायक्रोमीटर भरते. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश गाभ्यातच अडकून पुढे जातो. आम्ही मात्र गाभ्याच्या अपवर्तनांकात (प्रकाश किती वाकतो हे ठरवणाऱ्या गुणधर्मात) ठरावीक अंतराने बदल करून, म्हणजे ग्रेटिंग कोरून, त्यातला काही प्रकाश मुद्दाम आवरणात उतरवतो. आवरणाच्या पृष्ठभागाबाहेर या प्रकाशाचा प्रभाव जेमतेम एक मायक्रोमीटर किंवा त्याहूनही कमी अंतरापर्यंत पोहोचतो. ज्या तरंगलांबीचा प्रकाश असा आवरणात उतरतो, तिथे तंतूतून बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात पडद्यावर खोल दरी दिसते. तेवढ्या पातळ थरात अपवर्तनांक बदलला, की ही दरी वेगळ्या तरंगलांबीकडे सरकते.

या पृष्ठभागावर आम्ही रासायनिक बंधाने डीएनएचे एकेरी धागे रुजवतो. त्यांना प्रोब म्हणतात. डीएनएची चार अक्षरे, म्हणजे बेस, ठरावीक जोड्यांनीच जुळतात: अ‍ॅडेनीन थायमीनशी आणि ग्वानीन सायटोसीनशी, त्यामुळे नमुन्यातला नेमका पूरक धागाच प्रोबला घट्ट धरतो. दोन्ही धाग्यांवर ऋणभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून द्रावणात पुरेसे मीठ असावे लागते. पण मीठ बदलले की द्रावणाचा अपवर्तनांकही बदलतो, आणि म्हणून प्रत्येक मोजमाप तंतू पुन्हा त्याच बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या, ठरावीक मिठाच्या द्रावणात) आणूनच घ्यावे लागते. वीस बेसच्या जोडधाग्याची लांबी सुमारे ७ नॅनोमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दरी किती थोडी सरकत असेल याची कल्पना येईल.

पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी ती दरी सावकाश, अगदी हवी तशी सरकू लागली आणि मला आनंद झाला. मी आकडे उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी नुसत्या बफरमध्ये ठेवलेला तंतूही त्याच वेळी तसाच सरकला, तेव्हा लक्षात आले की मी खोलीचे तापमान मोजत होतो. साध्या ब्रॅग ग्रेटिंगमध्येही (अगदी जवळजवळ कोरलेल्या, एका तरंगलांबीचा प्रकाश मागे परतवणाऱ्या ग्रेटिंगमध्येही) १५५० नॅनोमीटरजवळ तापमान एक अंशाने वाढले तर सुमारे १० पिकोमीटरचा फरक पडतो, आणि आमची लांब अंतराची, म्हणजे विरळ कोरलेली ग्रेटिंग तर तापमानाइतकीच तंतूच्या किंचित वाकण्यानेही विचलित होते. तेव्हापासून प्लास्टिकचा लेप सोलून उघडा केलेला तंतू मी खोबणीत नेहमी सारख्याच ताणाने बसवतो. लेप काढला की तो फार ठिसूळ होतो, त्यामुळे या कामात घाई चालत नाही.

आता प्रत्येक प्रयोगात शेजारी दुसरा तंतू असतो. त्याच्यावर नमुन्याशी न जुळणारे प्रोब असतात, आणि दोघांच्या सरकण्यातला फरक तेवढा मी ग्राह्य धरतो. त्यानंतर एकाच बेसचा फरक असलेला धागा सोडून पाहतो. माझ्या मते खरी परीक्षा हीच आहे, कारण अनेक आनुवंशिक आजारांत बिघाड एका अक्षराचाच असतो आणि तो न ओळखणाऱ्या तंतूचा रुग्णाला फारसा उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात कमी मिठाच्या द्रावणाने धुतल्यावर, एका बेसने वेगळा असलेला धागा निघून गेला आणि दरी मूळ जागेजवळ परतली. पूर्ण पूरक धागा मात्र धुतल्यावरही टिकला. मग सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरळ द्रावणाने जोडी सोडवली, तंतू पुन्हा बफरमध्ये ठेवला आणि दरी जिथून निघाली होती तिथे आली. त्याच तंतूवर तोच नमुना दुसऱ्यांदा सोडला, तेव्हा ती पुन्हा सरकली.