इमॅजिकाला जाताना कॅमेऱ्याचे कोणते साहित्य न्यावे : नाशिकहून केलेल्या सहलीचा वृत्तांत

दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची मंडळी नाशिकहून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जाऊन आलो. आई, दादा-वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी असा मेळ होता. छायाचित्रणाची आवड घरात मलाच असल्यामुळे कॅमेऱ्याची बॅग भरण्याचे काम ओघाने माझ्याकडे आले. अशा सहलीला काय न्यावे, याचा विचार बहुतेक जण चित्राच्या दर्जापासून सुरू करतात. माझ्या मते तो माणसांपासून सुरू करावा. राइडवर कोण बसणार, खाली कोण थांबणार आणि त्या वेळी कॅमेरा कोणाच्या हातात असणार, हे एकदा ठरले की बॅगेत काय भरायचे हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही.

याचे कारण सरळ आहे. वेगाच्या राइडवर सुटी वस्तू जवळ बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हातातून निसटलेला मोबाइलसुद्धा खालच्या माणसाचा जीव धोक्यात घालू शकतो. त्यामुळे राइडवर बसणाऱ्याचा कॅमेरा एक तर लॉकरमध्ये पडून राहतो, नाही तर खाली थांबलेल्या माणसाच्या गळ्यात असतो. आमच्यात आईला गुडघ्यांमुळे अशा राइडवर बसायचे नव्हते आणि वहिनींनाही उंचीची भीती वाटते. म्हणजे दिवसातला निम्मा वेळ कॅमेरा या दोघींकडे राहणार होता, आणि निवड त्यांना पेलवेल अशीच करणे भाग होते.

माझ्याकडे निकॉन डी ५६०० हा लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन ४६५ ग्रॅम भरते. १८-१४० मिमीची झूम लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) ४९० ग्रॅमची, ७०-३०० मिमीची ४१५ ग्रॅमची आणि ३५ मिमी एफ १.८ ही छोटी लेन्स २०० ग्रॅमची. सगळे घेतले तर दीड किलोच्या वर ओझे होते, आणि पाण्याच्या बाटल्या, टोप्या, मुलांचे जादा कपडे हे सगळे त्याच खांद्यांवर येणार असते. म्हणून ७०-३०० घरीच ठेवली. उद्यानात राइड कुंपणापलीकडे, डोळ्यांसमोरच असतात. १८-१४० च्या लांबच्या टोकाला माणसांचे चेहरे पुरेसे जवळ येतात. ट्रायपॉडचा तर विचारही करू नये, कारण गर्दीत तो लोकांच्या पायांत येतो आणि व्यावसायिक चित्रीकरणाचे साहित्य समजून प्रवेशद्वाराशी अडवला जाण्याचा संभव असतो. कॅमेरा, बॅगा आणि खाद्यपदार्थ यांविषयीचे त्या वेळचे नियम तिकीट काढतानाच वाचून घ्यावेत.

३५ मिमीची लेन्स मात्र मी आग्रहाने घेतली, कारण इमॅजिकाचा बराच भाग बंदिस्त आणि अंधारा आहे. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. झूम लेन्स ३५ मिमीवर एफ ४ च्या आसपासच उघडते आणि एफ १.८ वर तिच्या सुमारे पाचपट प्रकाश आत येतो. रांगेत उभी असलेली मुले, दिव्यांच्या उजेडातली सजावट, जेवणाच्या टेबलावरचे चेहरे ही सगळी चित्रे या लहानशा लेन्सने दिली. फ्लॅश वापरू नये. अंधारातला देखावा त्याने सपाट होऊन जातो आणि शेजारच्या प्रेक्षकांचा विरस होतो तो वेगळाच.

सहलीपूर्वी सराव करायचा असेल, तर नाशिककरांना नवरात्रातल्या कालिका यात्रेइतकी चांगली जागा नाही. तिथल्या आकाशपाळण्यांवर मी आईला कॅमेरा धरायला शिकवला. शटर वेगाला प्राधान्य देणारा ‘एस’ मोड, वेग १/१००० सेकंद, आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) स्वयंचलित आणि त्याची कमाल मर्यादा ३२००, सलग चित्रे घेण्याची सोय चालू, एवढे मी दिवसाच्या उजेडासाठी लावून दिले. पट्टा गळ्यात, डावा हात लेन्सखाली, आणि बटण आधीपासून अर्धे दाबून ठेवायचे. रात्री दिव्यांच्या उजेडात हा वेग चालत नाही, तेव्हा तो १/१२५ पर्यंत खाली आणावा.

या सरावाचे फळ राजासॉरस रिव्हर अॅडव्हेंचर या पाण्यातल्या राइडजवळ मिळाले. तिथे डायनासोरांच्या अंधाऱ्या सफरीनंतर नाव उंचावरून एकदम खाली घसरते. नाव पाण्यावर आदळली की पाण्याचा पडदा उठतो आणि चेहरे दिसेनासे होतात, त्यामुळे खरे चित्र त्याआधीच्या क्षणाचे असते. आमच्याआधीच्या दोन-तीन नावा आईने नुसत्या पाहून घेतल्या, कुठे हात वर होतात ते हेरले आणि आमची नाव दिसताच बटण दाबून धरले. त्या मालिकेतल्या एका चित्रात धाकट्या पुतण्याने डोळे गच्च मिटले आहेत, थोरली त्याच्याकडे बघून हसते आहे आणि पाण्याचे पहिले थेंब नावेच्या नाकाशी नुकतेच उडाले आहेत. मी त्याहून चांगले चित्र काढले नसते. इथे कुंपणाजवळ उभे राहणाऱ्याने कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी जरूर ठेवावी, कारण डी ५६०० सारख्या कॅमेऱ्याला पाण्यापासून संरक्षण नसते.

नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर आहे. त्याच्या आसनांखाली जमीन नसते, त्यामुळे बसलेल्यांचे पाय अधांतरी लोंबकळताना दिसतात. रुळाचा एक ठरावीक भाग निवडून तिथे आधीच फोकस लावून ठेवावा. वेग दाखवायचा असेल, तर शटर १/६० वर आणून गाडीबरोबर कॅमेरा फिरवावा. दहांतले एखादेच चित्र जमते, पण ते सुंदर असते.

ॲक्शन कॅमेऱ्याविषयी (अंगावर बांधायच्या छोट्या कॅमेऱ्याविषयी) विचारणा होते म्हणून सांगतो. छातीला बांधला तरी वेगाच्या राइडवर तो चालत नाही, त्यामुळे फक्त या उद्यानासाठी विकत घेऊ नये. वातानुकूलित दालनातून बाहेर आल्यावर लेन्सवर बाष्प धरते, विशेषतः पावसाळ्यात. तेव्हा कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे बंद बॅगेतच राहू द्यावा. लेन्स बदलायची ती कोरड्या, आडोशाच्या जागी.

नाशिकपासून कसारा घाट, भिवंडी, पनवेलमार्गे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात जाऊन येता येते, परंतु मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील, तर आदल्या रात्री खोपोलीत मुक्काम करावा. त्यामुळे बॅटऱ्या चार्ज होतात आणि सकाळी दारे उघडताच, रांगा वाढण्याआधी, आत शिरता येते. चार्जिंगसाठी एक एक्स्टेंशन बोर्ड बरोबर असू द्यावा, कारण खोलीत प्लग कमी आणि मोबाइल जास्त असतात.

शेजारच्या वॉटर पार्कला दुसरा दिवस देणार असाल, तर मोठा कॅमेरा खोलीतच राहू द्या. तिथे मोबाइलची पारदर्शक पिशवी पुरते. ती आधी घरी तपासावी: आत फक्त टिशू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावी आणि कागद कोरडा निघाला तरच तिच्यात मोबाइल ठेवावा. मोबाइलवर आयपी ६८ (धूळ-पाणी रोखण्याचे मानक) लिहिलेले असले, तरी ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. घसरगुंडीवरच्या माऱ्याला आणि क्लोरीनच्या पाण्याला ती लागू नाही.