दर्यापूर ते चिखलदरा: पांदणीतला चिखल आणि खांद्यावरची सायकल

गेल्या वर्षी माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धेत आमच्या कॉलेजचे दोघं उतरले होते. चढावर दोघंही चांगले चालले, पण ओल्या पट्ट्यात मागे पडले. उतरावं की रेटावं, या विचारातच त्यांचे सेकंद जायचे. म्हणून यंदा निवड चाचणीआधी सरांनी चार दिवस फक्त सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-अडथळ्यांत उतरून सायकल उचलून पळायच्या शर्यतीच्या, सरावाला दिले. दर्यापूरहून निघायचं, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा करत चिखलदऱ्याला पोचायचं आणि वाटेत जिथे पांदण, म्हणजे शेतांमधली मातीची गाडीवाट, दिसेल तिथे डांबर सोडायचं. आम्ही सात जण होतो, चार मुलं आणि तीन मुली. पोळा होऊन पंधरा दिवस झाले होते.

युरोपात सायक्लोक्रॉसची फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची असते. वाटेत फळ्यांचे अडथळे लावतात, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंचीचे. तिथे सायकल उचलून पळायचं आणि पलीकडे पळता पळताच परत बसायचं. मोठ्या स्पर्धांत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आमच्याकडे तसल्या सायकली नाहीत, सगळा सराव माउंटन बाइकवरच. पण उतरणं, उचलणं, बसणं हे कोणत्याही सायकलवर शिकता येतं, आणि त्यासाठी आपल्या वऱ्हाडातल्या पांदणीसारखी जागा नाही.

पहिल्याच दिवशी दर्यापूरच्या पुढे एका पांदणीत शिरलो. दोन्ही बाजूंना कंबरेएवढी कपाशी आणि मधे बंडीच्या चाकोऱ्या. पाऊस आदल्या दिवशी पडून गेला होता आणि वरून ऊन लागलं होतं. काळ्या मातीची हीच वेळ सगळ्यात वाईट. भर पावसात चिखल पातळ असतो, टायरवरून निथळून जातो. ऊन लागलं की तीच माती कणकेसारखी होते आणि टायरला थरावर थर चढतो. शंभरेक मीटरवर माझं पुढचं चाक फिरायचंच थांबलं. फोर्क आणि टायर यांच्यामध्ये माती ठासून भरली होती, तिच्यात कपाशीची पानं नि गवताच्या काड्या. मी काडीने उकरत बसलो तेवढ्यात धुऱ्यावरून एक आजोबा आले. म्हणाले, "पोट्टेहो, अठून बंडी निंगत नाई, सायकल काय निंगन? खांद्यावर घ्या."

त्यांच्याच गोठ्यात कापूस मोजायचा स्प्रिंगकाटा टांगलेला होता. त्याला माझी सायकल अडकवली. घरून निघताना १३ किलोची होती, काट्यावर १९ भरली. सहा किलो माती मी पायाने ओढत होतो! चिखल लागल्यावर उतरायचं ही सवय चुकीची आहे, हे मला तिथे कळलं. चाक कोरडं असतानाच, चिखलाच्या चार-पाच मीटर आधी उतरायचं, म्हणजे सायकल हलकी असताना खांद्यावर येते. आम्ही त्याच पट्ट्यात वीस-वीस वेळा हे केलं. सायकलच्या चौकटीची नळी मानेजवळ घ्यायची, हात खालून घालून हँडल धरायचं आणि पावलं आखूड टाकायची. पहिल्या दिवशी खांदा सोलवटतो, टी-शर्टच्या आत जाड फडकं ठेवा.

पाण्याचं आधीच बघा. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, विहिरी-बोअरचं पाणी मचूळ. दर्यापुरातून निघताना प्रत्येकी तीन लिटर भरून घ्या. अंजनगावात कढी-आलूबोंडा खाल्ला. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडला आणि महिनाअखेरीस शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो या गावी. ज्या वाटेने आपण चढणार त्याच डोंगरावर तो किल्ला आहे, हे सरांनी सांगितल्यावर आमच्यातली सगळ्यात धाकटी बराच वेळ उत्तरेकडच्या निळ्या रेघेकडे बघत राहिली.

परतवाड्याला मुक्काम. तिथून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा साधारण ३० किलोमीटर, वर पोचता तेव्हा तुम्ही अकराशे मीटरच्या आसपास असता. पहाटे निघा. घाटात धुकं असतं आणि वळणांवर जीपगाड्या अंगावर येतात, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही लावून ठेवा. वर माती बदलते. खाली काळी, वर लालसर आणि मुरमाड. ती टायरला धरत नाही, पण ओल्या दगडावरून चाक घसरतं. इथे उतरायचं कमी आणि ब्रेक हळू धरायचे जास्त.

सराव गावालगतच्या मोकळ्या माळावरच करा. मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. जंगलात जाणाऱ्या वाटेवर परवानगीशिवाय सायकल घालू नका आणि अंधार पडायच्या आत खोलीवर या. अस्वलं असतात. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून परतायची वेळ आधी ठरवून ठेवा. संध्याकाळी गवळ्यांकडची रबडी मात्र सोडू नका. चार तास धावून आल्यावर द्रोणभर गरम रबडी अशी लागली, की आम्ही सातही जण काही वेळ बोललोच नाही.

तिसऱ्या दिवशी माझा मागचा हँगर, म्हणजे गिअर चौकटीला धरून ठेवणारी छोटी पट्टी, मोडला. गिअरमध्ये काटकी अडकली आणि मी पॅडल तसंच दाबलं. चेन तोडून आखूड केली आणि एकाच गिअरवर घाट उतरलो. परतवाड्यात दोन दुकानं पालथी घातली, पण माझ्या सायकलचा हँगर मिळाला नाही. प्रत्येक कंपनीचा तो वेगळा असतो, घरून नेलेलाच कामी येतो. ब्रेकपॅडचीही एक जादा जोडी ठेवा, चिखलातली रेती ते फार लवकर खाते. टायर ट्यूबलेस असेल तर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, भरून निघा. धुऱ्यावरचे सराटे आणि बाभळीचे काटे दोन्ही टायरमध्ये शिरतात. आम्हाला चार दिवसांत सहा पंक्चर झाले, सहाही ट्यूबवाल्या सायकलींचे.

परतल्यावर सायकल लगेच धुऊ नका. काळी माती वाळू द्या, लाकडाने ठोकली की ढेपाच्या ढेपा पडतात. मी घाई केली, गाड्या धुण्याच्या मशीनचा फवारा थेट हबवर मारला आणि पाणी बेअरिंगमध्ये गेलं. मागचं चाक अजून कुरकुरतंय. रविवारी उघडून ग्रीस भरायचं आहे, सोमवारी पुन्हा पांदण.