सोलापुरी चादरीचं जॅकेट: फॅशन डिझाइनच्या प्रबंधासाठी

सोलापुरात राहून फॅशन डिझाइनचा पदव्युत्तर प्रबंध करायचा म्हटलं की 'सोलापूरचा वस्त्रोद्योग' हे शीर्षक हमखास सुचतं. ते घेऊ नका. जुनी मिल, पूर्व भागातले पद्मशाली विणकर, टॉवेल, गणवेश सगळं त्यात येतं आणि मोजता मात्र काहीच येत नाही. त्यापेक्षा विचारा: जकार्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीची नक्षी न मोडता जॅकेट बेतता येईल का, आणि ते किती धुण्यांना टिकेल? प्रश्न छोटा आहे, पण त्याचं उत्तर पट्टी, काटा आणि कात्रीनं मिळतं.

एकाच लॉटच्या निदान चार चादरी घ्या. एक चाचण्यांसाठी, दोन शिवणीसाठी आणि एक न धुता, अंधारात ठेवायची. ही चौथी नसली तर रंग किती उतरला हे ताडून बघायला काहीच उरत नाही. बिल जपून ठेवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच मिळणारी ओळख) आहे, त्यामुळे माल कुठे विणला गेला हे तोंडी परीक्षेत विचारलं जाणारच.

कात्री लावण्याआधी कापड समजून घ्या. किनारीपासून दूर, १० × १० सेंमीचे पाच तुकडे कापा, पण तिरप्या ओळीत, म्हणजे प्रत्येकात वेगळे ताणे (उभे धागे) आणि वेगळे बाणे (आडवे धागे) येतील. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून १०० ने गुणलं की जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, मिळतो. इथे सोलापूरची हवा आड येते. सूत ओलावा धरतं. प्रमाण हवामानात हा ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के धरतात. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच कापड जुलैपेक्षा हलकं भरतं. नमुने २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवायला हवेत. तशी खोली मिळाली नाही तर सगळे तुकडे एकाच दिवशी तोला आणि त्या दिवसाचं तापमान, आर्द्रता लिहून ठेवा.

धागा सुतीच आहे हे दुकानदाराच्या शब्दावर धरू नका. ताणा आणि बाणा वेगवेगळे जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आकसण्यासाठी ५० सेंमीचा चौकोन आखा, पेननं नव्हे, रंगीत दोऱ्यानं. पेनची खूण धुण्यात जाते. पाच धुण्यांनंतर ताण्याची आणि बाण्याची दिशा वेगवेगळी मोजा. दोन्हींची सरासरी काढली की बाहीच्या लांबीचा हिशोब चुकतो.

खरं दुखणं बेतण्यात आहे. पहिल्या चाचणी-शिवणीत मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) अंगाला नीट बसलेला बेत चादरीत काखेला आवळतो. कापड २ मिमी जाड असेल तर गोलाईची आतली बाजू साधारण ६ मिमीनं कमी भरते, आणि शिवणीत दुमडलेले पदर वेगळेच. दुसरी चाचणी-शिवण जुन्या चादरीवरच करा.

कापताना घडी घालायची नाही. खालच्या पदराची नक्षी सरकते आणि डावी-उजवी बाजू जुळत नाही. म्हणून कागदी पॅटर्न अर्धा न काढता दोन्ही बाजूंचा पूर्ण काढा. नक्षी मध्यभागी आणि छातीच्या रेषेवर जुळवा. बाहीच्या वरच्या गोलाईत ती सगळीकडे जुळणार नाही. पुढच्या खाचेपाशी (बाही जोडायच्या खुणेपाशी) जुळली तरी पुरे. दुपदरी विणीच्या चादरीत कापल्याबरोबर कडेचे पदर सुटे होतात आणि धागे ओघळतात. म्हणून कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची टीप मारा, मग मधून कापा. शिवणीसाठी २ सेंमी ठेवा, सुई १६ किंवा १८ नंबरची, टाका ३ ते ३.५ मिमी. कॉलरचा आतला पदर पातळ सुती कापडाचा घ्या. चादरीचेच चार-सहा पदर एकत्र आले की सुई मोडते.

पांढरं अस्तर लावायच्या आधी रंगाचा पक्केपणा तपासा. गडद तांबडा, मरून रंग ओल्या घासणीत जास्त उतरू शकतो. धुण्याची चाचणी आयएसओ १०५-सी०६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रयोगशाळेत करून घ्या. राखाडी मापावर (ग्रे स्केल, रंगातला फरक ताडायची राखाडी छटांची पट्टी) ५ म्हणजे काहीच बदल नाही, १ म्हणजे सर्वांत वाईट. मूळ रंगातला बदल आणि शेजारच्या पांढऱ्या कापडावर लागलेला डाग यांचे आकडे वेगळे लिहायचे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माहिती घ्यायला जाल तेव्हा बोलणं मागाच्या शेडबाहेर करा, आत रेकॉर्डिंगमध्ये फक्त खटखट येते. बरेच जुने कामगार तेलुगू बोलतात, सोबत तेलुगू जाणणारं कुणी असू द्या. नक्षीच्या आलेखाचा (चौकटीच्या कागदावरच्या आराखड्याचा) किंवा पंच कार्डांचा (मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यांचा) फोटो लेखी परवानगीशिवाय काढू नका. डिझाइनची नक्कल होणं हे त्यांच्या पोटावर येतं.

बांधणीआधी प्रत्येक नमुन्याच्या मागे लॉट, दिशा आणि धुण्यांची संख्या लिहा. नमुने डिंकानं चिकटवू नका, टाका घाला. डिंक कापडात झिरपून पिवळा डाग पडतो आणि परीक्षकाला उलटी बाजू बघता येत नाही.