मुळाशी ठिपका असलेलं चक्र: आमच्या मीटर दुकानाची वाटचाल

आमचं दुकान मुळात घड्याळांचं. बडोद्याच्या दांडिया बाजारात, दोन माणसं समोरासमोर बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढीशी जागा. बाबा कलाभवन या तंत्रशाळेत फिटरचं काम शिकलेले. त्यांचे भागीदार नाना. लेथवर पितळी चक्राचे दाते पाडायला बसले की नाना जेवायलाही उठत नसत. 1974 साली एका रिक्षावाल्या चाचांनी बंद पडलेला मीटर आमच्याकडे आणला. कारण विचारलं तर म्हणाले, "आत टिकटिक होती, ती थांबली. मग घडियाळीकडे नाही तर कुठे नेऊ?"

चाचांचं बरोबर होतं. भाड्याच्या मीटरमध्ये अर्धं घड्याळ असतंच. 1891 साली जर्मनीत ब्रून यांनी टॅक्सीमीटर काढला आणि 1897 साली श्टुटगार्टमध्ये डाइमलरची मोटार मीटर लावून भाड्यानं धावू लागली, तेव्हापासून कल्पना तीच आहे. एका बाजूनं चाकाची केबल, दुसऱ्या बाजूनं किल्लीचं घड्याळ, आणि दोघांमध्ये एकच आस. दोन्हीकडे खटक्याची चक्रं. जी बाजू जोरात फिरते ती आस ओढते, दुसरीचा खटका नुसता दात्यांवरून घसरत राहतो. किलोमीटरला 1 रुपया आणि तासाच्या थांबण्याला 6 रुपये धरले, तर ताशी 6 किलोमीटरच्या खाली घड्याळ भाडं चढवतं, वर गेलं की चाक. मांडवीच्या गर्दीत रिक्षा अडकली की आतल्या आत हा ताबा बदलतो आणि बाहेर कोणाला पत्ताही नसतो. मला अजून याचं नवल वाटतं.

पुढचं काम कॅमचं, म्हणजे गोगलगायीच्या आकाराच्या चकतीचं. तो हळूहळू दांडी उचलतो, कड आली की दांडी खटकन पडते आणि आकड्यांचं ढोलकं एक घर पुढे सरकतं. म्हणून मीटर सरकत नाही, उडी मारतो. झेंडा, म्हणजे मीटर चालू-बंद करायची मूठ, पाडला की घंटा वाजते, पहिलं भाडं दिसतं, आणि पहिली उडी उशिरा येते, कारण त्या भाड्यात सुरुवातीचं अंतर धरलेलं असतं. झेंडा उभा केला की सगळं शून्यावर.

भाड्याचा दर बदलला की चक्रं बदलायची. तीच आमची खरी कमाई. नाना नवं चक्र कापून झालं की दात्यांच्या मुळाशी सुईपंचनं एक ठिपका मारायचे. "आपला माल आपल्याला ओळखू यावा," एवढंच म्हणायचे. त्या ठिपक्यानं पुढे आमचं दुकान वाचवलं.

1975 ते 1986 चांगली गेली.

मग स्टेशनकडे एक दुकान निघालं. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्याकडे मीटर नेला की "गरम" होऊन यायचा. 40 दात्यांच्या जागी 38 दात्यांचं चक्र घातलं की मीटर पाच टक्के जोरात पळतो. शंभर रुपयांच्या भाड्यामागे गिऱ्हाइकाच्या खिशातून पाच रुपये जातात, आणि ते कळतही नाही. आमचे निम्मे रिक्षावाले तिकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही, घर सगळ्यांनाच चालवायचं असतं. पण तपासणीत जोरात पळणारे मीटर सापडायला लागले, तेव्हा त्या दुकानदारानं सांगितलं की ही कामं दांडिया बाजारात होतात, मीटरवरचं तपासणीचं शिशाचं सील उकलून पुन्हा दाबतात.

आमचं दुरुस्तीचं लायसन्स थांबलं. पाच महिने. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. नाना रोज दुकानात येऊन रिकाम्या लेथसमोर बसायचे. आमच्यावर शिक्का पडल्यासारखं झालं होतं. रावपुऱ्यात ओळखीची माणसं नजर चुकवून पलीकडच्या बाजूनं जायची.

चाचा तेवढे येत राहिले. एके दिवशी त्यांनी आमच्याकडे दुरुस्त झालेला आपला मीटर तपासणीच्या कार्यालयातच टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्यासमोर खोला." बाबांनी टायरचा घेर मोजून दिला, 130 सेंटीमीटर, म्हणजे किलोमीटरला 769 फेरे. केबल हातानं तेवढी फिरवली. मीटर बरोबर एक किलोमीटरचंच भाडं दाखवून थांबला. मग पकडलेले अकरा मीटर उघडले. नाना भिंग लावून एकेक चक्र उजेडात धरत होते. अकरांपैकी एकाही चक्राला ठिपका नव्हता.

लायसन्स परत मिळालं. कागदावर एवढंच होतं: "चौकशी पूर्ण." खोटं कोणी बोललं ते कुठेच नव्हतं. त्या दुकानदाराचा दोन वर्षांनी हारतुरे घालून सत्कारही झाला. नाना तो बघायला राहिले नाहीत, याचं मला बरं वाटतं. बाबांनी मात्र ते पाहिलं.

जुना यांत्रिक मीटर कोणाकडे असेल तर एवढं ऐका. केबल कधी काटकोनात वळवू नका, आतली तार अडते आणि आकडा धक्क्यानं पडतो. तेल सुईच्या टोकावर राहील तेवढंच, जास्त घातलं की धूळ चिकटते. आणि टायर बघा. तो 5 मिलिमीटर झिजला की घेर 3 सेंटीमीटरनं कमी होतो, 769 च्या जागी 787 फेरे होतात. मीटरला हात न लावताच तो जोरात पळायला लागतो. सील करायचा तर आधी टायर बदला. हे मी पोरांना रोज सांगतो, दहातले आठ विसरतात.

इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा आम्ही लेथ विकला नाही. आता त्यावर स्पीडोमीटरची केबल, शिलाई मशिनची चक्रं, क्वचित एखाद्या जुन्या गाडीचा मीटर होतो. चाचांचा मीटर त्यांच्या मुलानं आणून दिला, तो कपाटात आहे. महिन्यातून एकदा किल्ली देतो. घंटा अजून साफ वाजते.

दुकान सकाळी दहाला उघडतं. मीटर आणायचा तर केबलसकट आणा.