चार वर्षांच्या पोराला रस्ता शिकवून भागत नाही, वाडाच सावध व्हायला हवा

अंगणवाडीत पोरं "डावीकडे बघा, उजवीकडे बघा" असं हात करून म्हणतात, ऐकायला खूप गोड वाटतं, पण तेवढ्यावर आईबापांनी निर्धास्त राहू नये असं मला अगदी कळकळीने सांगायचंय. बॉल गेटबाहेर गेला की तेच पोर मागचापुढचा विचार न करता त्याच्यामागे धावतं, तेव्हा त्याच्या डोक्यात बॉल सोडून दुसरं काही नसतंच. गाडी किती लांब आहे, किती स्पीडने येतेय, हा अंदाज त्या वयात येत नाही. स्वीडनच्या स्टीना सांडेल्स ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात मुलांचा नीट अभ्यास करून हेच सांगितलं, की लहान मूल रहदारीला जुळवून घेऊ शकत नाही, रहदारीलाच मुलांसाठी बदलावं लागेल. तरी आपल्याकडे काही झालं की पहिला प्रश्न काय, तर "आईचं लक्ष कुठे होतं?" ह्या प्रश्नाची मला खरंच चीड येते.

आमच्या गोव्यातल्या पेडण्यातले वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, बघा. चिऱ्यांचं कंपाउंड थेट डांबराला टेकलेलं, फुटपाथ नाहीच, गेट उघडलं की रस्ता. पूर्वी इथून दिवसाला चार स्कूटर आणि एखादा टेम्पो जायचा म्हणून चालून गेलं, पण जानेवारी २०२३ला मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आतले रस्तेसुद्धा शॉर्टकट झाले, वर रेंट-अ-बाईकवाले पर्यटक, त्यांना कुठे माहीत की ह्या वळणामागे अंगणवाडी आहे.

एकदा पाटावर बसून, म्हणजे पोराच्या उंचीवरून, आपल्याच गेटमधून रस्ता बघा, आम्ही वाड्यावरच्या बायकांनी बघितला. समोर गाडी पार्क केलेली असेल तर टायर आणि दरवाजा दिसतो, पलीकडून येणारं काहीच दिसत नाही, आणि पावसानंतर गवत वाढलं की तेवढंही नाही. म्हणजे येणाऱ्या ड्रायव्हरलाही पोर दिसत नाही, ते एकदम पुढ्यातच येतं. ५० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, ३० ला आठ-साडेआठ. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं, थांबणं तर पुढेच.

आणि रस्ता सोडा, घरच्या अंगणात रिव्हर्स घेताना काय होतं ह्यावर कोणी बोलतच नाही. बाबा कामावर निघाले की पोर टाटा करायला मागून धावत येतं, मोठ्या गाडीच्या डिकीखाली त्याचं डोकंसुद्धा आरशात दिसत नाही, कॅमेऱ्यावरही सगळा भरवसा नको. आमच्याकडे आता नियम आहे, पोर कोणाच्या तरी कडेवर दिसल्याशिवाय चावी फिरवायची नाही. सुरुवातीला पुरुषमंडळी कुरकुरली, आता तेच ओरडून विचारतात, "बाबू कुणाकडे आहे गो?"

पदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, पों पों ऐकला की पोरं पोयांसाठी (पोया म्हणजे आमच्याकडचे पाव) रस्त्यावर पळायची. आम्ही त्याला म्हटलं, सायकल गेटच्या आत आण आणि मग हॉर्न मार. त्याने लगेच ऐकलं.

स्पीडब्रेकरचं मात्र घाईत करू नका. रात्रीत सिमेंट ओतून ढिगारा केला की स्कूटरवरची म्हातारी माणसं पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, वरून गोलाकार असतो, पांढरे पट्टे आणि आधी बोर्ड हवाच. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या, पंचायतीकडून साबांखाला (सार्वजनिक बांधकाम खात्याला) पत्र जाऊ द्या, आणि दर महिन्याला कोणीतरी जाऊन विचारत राहा, कारण कागद आपणहून चालत नाही. वळणावरचा आरसा आणि झाडी कापणं ही कामं पंचाच्या मागे लागलं तर लवकर होतात.

नेदरलँड्समध्ये १९७१ ह्या एका वर्षात ४०० पेक्षा जास्त मुलं रस्त्यावर मेली होती. तिथल्या आईबापांनी "मुलांची हत्या थांबवा" असं सरळ नाव देऊन चळवळ काढली, रस्ते अडवले. डेल्फ्टसारख्या शहरांत वस्तीतले रस्ते असे करून घेतले की गाडीने माणसाच्या चालीनेच जायचं, १९७६ला त्याचा कायदाही झाला. तिथली माणसं काही आपल्यापेक्षा वेगळी नव्हती, ती एकत्र आली एवढंच. आपल्याकडे भजनाला, देवळाच्या जत्रेला अख्खा वाडा येतोच की.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. मुंबई-पुण्याचे पाहुणे येणार, एकेका घरासमोर चार-चार गाड्या लागणार, आणि पाहुण्यांच्या पोरांना आपला रस्ता माहीत नसतो. म्हणून आम्ही युवक मंडळाच्या मुलांना सांगितलंय की पाच दिवस गाड्या देवळाच्या मैदानावर लावून घ्या, आरतीच्या वेळी दोघेजण वळणावर टॉर्च घेऊन उभे राहा. तुमच्या वाड्यावरही हे चवथीआधी ठरवा, पाहुण्यांना फोनवरच सांगून ठेवा म्हणजे आल्यावर कोणाला वाईट वाटणार नाही.